दोघं गेलो, तिघं आलो

सकाळी पुण्याबाहेरच्या एका शेल्टरला गेलो होतो. नवऱ्याला पिल्लू हवं होतं, मलाही. येताना मात्र चारेक वर्षांची, मागचा एक पाय जरा ओढत चालणारी काळी गावठी कुत्री घेऊन आलो.

पिल्लं अंगावर उड्या मारत होती आणि ही कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. एका कानाचं टोक कापलेलं. मी कळवळले, कुणी केलं असेल असं! तिथल्या ताई हसल्या. "अहो, नसबंदी झाल्याची खूण आहे ती. पुन्हा पकडून नेऊ नये म्हणून." इतकी वर्षं गल्लीतल्या कुत्र्यांना बिस्किटं घालतेय आणि हे माहीत नव्हतं.

मग प्रश्न. घरमालकाला चालेल का, दोघं ऑफिसला गेल्यावर कोण बघणार, गावाला जाताना काय करणार? आमचं लग्न ठरताना एवढी चौकशी झाली नव्हती. रेबीजची लस दिलीय, पुढच्या वर्षी पुन्हा.

गाडीत उलटी केली, थेट नवऱ्याच्या मांडीवर. (नवी पँट. एक शब्द बोलला नाही. माझ्यासाठी कधी इतका शांत राहिलाय?)

घरी आल्यापासून सोफ्याखाली आहे. ताईंनी बजावलंय, ओढून काढू नका, टक लावून बघू नका. सासूबाई व्हिडिओ कॉलवर, "नाव काय ठेवलंत?" नवरा पटकन म्हणाला, "कारळी."

दहीभाताचा वाडगा जवळ सरकवून आम्ही आत जाऊन बसलो. आत्ता अकराला बघितलं तर चाटूनपुसून साफ. खाताना कुणी पाहिलं नाही.