कार्ड रिकामं करायच्या आधी फाइली मोजा

एका दुपारी आजी खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती, चष्मा कपाळावर, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करायचं, उजेडाकडे सुई धरायची, नेम चुकला की परत तेच, आणि मी बाजूला बसून गुपचूप फोटो काढत होते. शेवटी दोरा आत गेला तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. तो फोटो मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलाय, झूम करून बघितलाय, तिच्या बोटांमध्ये सुई दिसत होती. आज तो माझ्याकडे नाहीये.

झालं असं की त्या दुपारी मी ११६ फोटो काढले आणि नेमका मधेच कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ वर पोचला. कॅमेऱ्यातल्या फाइलच्या नावात आकडे फक्त चारच असतात, त्यामुळे ९९९९ झाले की कॅमेरा नवीन फोल्डर उघडतो आणि परत ०००१ पासून मोजायला लागतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर डीसीआयएम नावाचा जो मुख्य फोल्डर असतो त्याच्या आत १०० ने सुरू होणारा एक आणि १०१ ने सुरू होणारा एक असे दोन फोल्डर झाले होते, पहिल्यात ५२ फोटो, दुसऱ्यात ६४. मी रात्री दमलेली, कार्ड रीडरमध्ये टाकलं, १०१ उघडला, आजी दिसली, सगळं सिलेक्ट करून कॉपी मारली, झालं म्हणून झोपले. सकाळी बाहेर जायचं होतं, म्हटलं कालचं कॉम्प्युटरवर आहेच, कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे अख्खं रिकामं केलं, आणि निघाले. दिवसभरात २३ फोटो काढले. संध्याकाळी आजीला तो हसणारा फोटो दाखवायचा म्हणून शोधायला लागले तर फोल्डर सुरूच होतोय दोरा ओवून झाल्यानंतर, ती शिवत बसलीये तिथून.

तेव्हा पहिल्यांदा मी हे सगळं नीट वाचलं, समजून घेतलं.

तर आधी हे कळायला हवं की फोटो डिलीट केला म्हणजे तो कार्डावरून लगेच नाहीसा होत नाही. कार्डावर एक यादी असते, कुठली फाइल कुठल्या जागेत ठेवलीये त्याची. डिलीट केलं की यादीतल्या त्या ओळीवर खूण होते की ही जागा आता मोकळी धरा, बस्स. फॅट३२ मध्ये, म्हणजे ही यादी ठेवायच्या एका पद्धतीत (अशा पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात), तर फाइलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलतात आणि जागेची नोंद काढून टाकतात. साधं फॉरमॅट म्हणजे सगळी यादीच कोरी करणं. फोटोचा मजकूर तिथल्या तिथेच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालं तरी फोटो परत मिळतात, आणि म्हणूनच त्यानंतर त्या कार्डावर एकही क्लिक करायचं नसतं, कार्ड तिथल्या तिथे बाहेर काढून ठेवायचं.

माझे २३ क्लिक आधीच झालेले होते. फॉरमॅटनंतर कॅमेरा बहुतेक वेळा कार्डाच्या सुरुवातीपासून परत लिहायला लागतो, आणि सुरुवातीला काय होतं, तर १०० नंबरचा फोल्डर, म्हणजे नेमके तेच फोटो जे मी कॉपी केले नव्हते. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते यादीकडे बघतच नाही, कार्डावरचा मजकूर चाळत जातं आणि जिथे जेपेगची, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलची, सुरुवातीची ठरलेली खूण दिसते तिथून फाइल उचलतं. त्याने मला ५२ पैकी २८ परत दिले. फाइलींची मूळ नावं गेली होती, पण फोटो काढल्याची तारीख-वेळ फोटोच्या आतच असते त्यामुळे क्रम लावता आला. पहिले २४ गेले. त्यातच तो हसण्याचा.

एक महत्त्वाचं, ही रिकव्हरी करताना परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर सेव्ह करायच्या नाहीत, कॉम्प्युटरवर दुसरीकडे करायच्या, नाहीतर वाचवायला गेलेलं सॉफ्टवेअरच उरलेल्यावर लिहीत सुटेल. आणि दरवेळी मिळतीलच असंही धरून चालू नका, काही कॅमेरे फॉरमॅट करताना कार्डाला ती जागा खरोखरच पुसून टाकायला सांगतात, मग कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

आता मी काय करते ते सांगते. कार्ड रीडरला लावलं की आतले फोल्डर एकेक उघडून बसत नाही, अख्खा डीसीआयएम फोल्डर जसाच्या तसा उचलते, आणि व्हिडिओ असतील तर कार्डावरचं सगळंच्या सगळं, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ डीसीआयएममध्ये नसतोच, प्रायव्हेट नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. शिवाय ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर साधारण फॅट३२ असतं, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून लांब शूटचे तुकडे पडतात, आणि त्यातला मधला एक तुकडा राहिला तर ते नंतर एडिटिंगला बसल्यावरच कळतं. कॉपी झाली की कार्डावरच्या मुख्य फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, किती फाइली, किती बाइट. तेच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचं. दोन्ही आकडे जुळायलाच हवेत, बाइटसकट. याला अर्धा मिनिट लागतो. मग पहिला फोटो, शेवटचा फोटो आणि मधले तीनचार पूर्ण उघडून बघते, नुसता थंबनेल, म्हणजे फोल्डरमध्ये दिसणारं छोटं चित्र, बघून चालत नाही कारण थंबनेल कधीकधी नीट दिसतो आणि आतला फोटो खालून करडा निघतो. मग दुसऱ्या डिस्कवर अजून एक कॉपी. दोन जागी पोचल्याशिवाय कार्डाला हात नाही.

आणि कट-पेस्ट कधीच नाही, मी हे कळकळीने सांगते. मूव्ह करताना मधेच केबल हलली, लॅपटॉप झोपला, काही झालं तरी काही फाइली इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट. कॉपीच करायची, मूळ कार्डावर राहू द्यायचं.

रिकामं कुठे करायचं याबद्दल माझं मत आता पक्कं आहे, ज्या कॅमेऱ्यात कार्ड वापरणार त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं. कॅमेरा त्याला हवी तशी फाइल सिस्टिम आणि फोल्डर बनवून घेतो. कॉम्प्युटरवरून फाइली निवडून डिलीट केल्या तर काही कॅमेऱ्यांची स्वतःची फोटोंची नोंद असते ती जुळत नाही आणि मग कॅमेरा डेटाबेस दुरुस्त करू का असं विचारत बसतो. मॅकवर अजून एक गंमत नाही, त्रास आहे, कार्डावरची फाइल ट्रॅशमध्ये टाकली की ती कार्डावरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते, ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा सुटतच नाही, आणि माणूस विचार करतो की सगळं उडवलं तरी कार्ड भरलेलं कसं दाखवतंय. विंडोजवर उलटं, कार्डावरची फाइल डिलीट केली की साधारण थेटच जाते, रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. कॅमेरा कार्ड ओळखतच नसेल तेव्हाच मी कॉम्प्युटरवर फॉरमॅट करते, आणि तेही एसडी असोसिएशनचं, म्हणजे एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, मेमरी कार्ड फॉरमॅटर नावाचं सॉफ्टवेअर वापरून, मग कॅमेऱ्यात टाकून परत एकदा.

कॅमेऱ्यात फोटोला प्रोटेक्ट करायचं बटण असतं, किल्लीची खूण येते बघा. ती किल्ली "सगळे डिलीट करा" पासून वाचवते, फॉरमॅटपासून नाही. फॉरमॅटमध्ये किल्लीवालेही जातात. हे खूप जणांना माहीत नसतं. तसंच एसडी कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी, ती नुसतीच प्लास्टिकची सरकपट्टी आहे, कार्डाच्या आतल्या सर्किटला तिचा पत्ता नसतो, पट्टी कुठे आहे ते कॅमेऱ्याचा किंवा रीडरचा स्लॉट बघतो आणि मग लिहायचं की नाही ते ठरवतो. तरी मी ती वापरते, भरलेलं कार्ड काढलं की लगेच लॉक, आणि डबीत उलटं, लेबल खाली. रिकामी कार्डं लेबल वर. उलटं दिसलं की त्याला हात लावायचा नाही हे आता बोटांनाच माहीत झालंय. मायक्रो एसडीला लॉक नसतं, ती मी वेगळ्या डबीत ठेवते.

शूट चालू असताना जागा करायला एकेक फोटो उडवत बसणं मी सोडून दिलंय. एक तर छोट्या स्क्रीनवर खराब वाटलेला फोटो मोठ्यावर चांगला निघतो, दुसरं म्हणजे घाईत बोट चुकीच्या फोटोवर पडतं. अजून एक छोटं कार्ड जवळ असलं की झालं. मी मुद्दाम एकाच भल्या मोठ्या कार्डाऐवजी दोन-तीन मध्यम वापरते, एक गेलं तर सगळं जात नाही.

कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा मागे एक बारीक दिवा असतो, फोटो कार्डावर लिहिला जात असताना तो लुकलुकतो. तो विझेपर्यंत कार्डाचं झाकण उघडायचं नाही, बॅटरी काढायची नाही. सलग वीस-तीस फोटो काढले की शटर थांबल्यावरही कॅमेरा बराच वेळ लिहीत असतो. एखादी फाइल नाही, अख्खी यादीच बिघडू शकते यात, आणि मग कार्ड करप्ट. बॅटरी अगदी शेवटाला आलेली असताना व्हिडिओ काढणं किंवा फॉरमॅट करणंही याच कारणासाठी टाळते. कॉम्प्युटरवरून काढतानाही आधी इजेक्ट.

फॉरमॅट सारखं केल्याने कार्ड खराब होतं का, हे मला बरेच जण विचारतात. साध्या फॉरमॅटमध्ये फारसं लिहिलंच जात नाही त्यामुळे त्याने काही झिजत नाही. फ्लॅश मेमरीचे पेशींसारखे छोटे भाग असतात, त्यांच्यात चार्ज साठवतात, ते पुसून परत लिहायची संख्या मर्यादित असते हे खरं, पण कार्डाच्या आत एक कंट्रोलर असतो तो लिखाण सगळीकडे वाटून देतो म्हणजे एकच जागा झिजत नाही. फोटो काढणाऱ्या माणसाच्या हातून ती मर्यादा गाठायच्या आधी कार्ड हरवतं किंवा त्याच्या कडेचं प्लास्टिक सुटतं. खरी अडचण वेगळी आहे, तो चार्ज हळूहळू गळतो, म्हणून फोटो कार्डावरच ठेवून कार्ड वर्षानुवर्षं कपाटात टाकू नका. कार्ड हे साठवायचं ठिकाण नाही.

बाकी देखभाल फार नाही. सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही, लागलं तर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसायचं. गार जागेतून एकदम दमट गरम जागी आलात तर कॅमेरा बॅगेतच थोडा वेळ राहू द्या, लगेच झाकण उघडू नका. नवीन कार्ड आलं की पहिल्यांदा ते पूर्ण भरून तपासते, एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री नावाची साधनं आहेत, ती कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून बघतात. खोट्या कार्डांवर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत जागा थोडीच, तेवढी भरली की पुढचे फोटो लिहिले गेल्यासारखे दिसतात पण नसतात.

आणि ज्या कार्डाने एकदा एरर दिला, मग ते फॉरमॅट करून कितीही छान चालायला लागो, त्याच्यावर मी परत माणसांचे फोटो काढत नाही. फारतर कुठली सेटिंग करून बघायला. कोणाला कार्ड द्यायचं असेल किंवा टाकून द्यायचं असेल तर साधं फॉरमॅट पुरत नाही, वर सांगितलं तसं आतलं सगळं सापडतं, म्हणून एसडी असोसिएशनच्या त्या फॉरमॅटरमधला ओव्हरराइटचा, म्हणजे जुन्या मजकुरावर दुसरं लिहून टाकायचा, पर्याय निवडायचा, वेळ लागतो, लागू द्यायचा, आणि बिघडलेलं असेल तर कात्रीने आतली चिप कापली जाईल असं आडवं कापायचं.

आजीचं ते कार्ड मात्र मी कापलं नाहीये. लॉक करून, लेबल खाली करून, वेगळ्या डबीत आहे. त्यातून आता काही मिळणार नाही हे मला माहितीये, तीनदा बघून झालंय.