वारसनोंद, आक्काचं नाव आणि पिशवीतला कागद

आबा, माझे वडील, गेले जानेवारीत. साडेचार एकराच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली जूनच्या शेवटच्या आठवड्यात. या पाच महिन्यांतले तीन तरी एका वाक्यानं खाल्ले: "बहिणींचं हक्कसोड आणून द्या, लगेच मोकळे व्हाल." म्हणजे बहिणींनी जमिनीतला आपला वाटा सोडला, असं लिहून द्यायचं. अजून आठवलं तरी डोकं तापतं. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पण आपल्याकडे भडगाव, पारोळा, एरंडोल कुठेही विचारा, हे वाक्य ऐकलेलं घर सापडेलच.

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, हे सगळं आठवड्यात जमलं. वारस चौघं: माय, मी, आक्का आणि ताई. चौघांचे हिस्से सारखे, प्रत्येकी पंचेचाळीस गुंठे. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी वडिलोपार्जित जमिनीतही मुलासारखीच वाटेकरी आहे, आणि बाप 2005 च्या आधी गेला की नंतर यानं तिच्या हक्कात फरक पडत नाही, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं. हे मला माहीत होतं. ऑफिसातल्या माणसाला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

अडलं ते आक्काच्या नावावर. लग्नात सासरच्यांनी तिचं नावच बदललं होतं. आधारवर सासरचं नाव, आमच्या कागदांवर माहेरचं. पहिलं, आडनाव, मधलं, काहीच जुळेना. अर्ज परत. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा म्हणाले, पोलीस पाटलाचा दाखला आणा. तो नेला तर म्हणाले, यानं भागणार नाही. आणि दर वेळी उठताना तेच, हक्कसोड करून घ्या, भानगड मिटेल. एकदा मी विचारलं, साहेब, नाव जुळत नाही म्हणून जिची नोंद होत नाही, तिनं हक्क सोडून दिलेला मात्र चालतो, तो कसा? उत्तर आलं नाही. फाइल टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला गेली.

एक गोष्ट तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, आणि तलाठ्यानं त्याची लेखी पोच लगेच द्यायची असते. मी पहिल्या दोन्ही वेळी पोच घेतली नाही. त्यामुळे माझ्या फेऱ्यांचा पुरावाच नव्हता. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

एप्रिल उजाडला. सोसायटीचं पीककर्ज हवं होतं आणि नाव लागल्याशिवाय ते मिळत नव्हतं. गावातले चार मोठे लोक, ज्यांना मी काका म्हणतो, तेही सांगत होते की बहिणींना साडीचोळी करायची, सही घ्यायची, सगळे हेच करतात. मी तयार झालो. खोटं कशाला लिहू, तयारच झालो. हक्कसोडाचा मसुदा लिहून घेतला आणि तो पिशवीत घालूनच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्काचा मुराळी म्हणून तिला माहेरी आणायला गेलो. सही ठरली की मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, असा बेत होता.

आक्का कळण्याच्या भाकरी करत होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं पिशवीतून वर आलेला कागद पाहिला. गावातून तिच्या कानावर गेलेलंच असणार. हाताचं पीठ पदराला पुसलं, पोराच्या कंपासपेटीतून पेन काढला आणि म्हणाली, "सही कोठे करनी?" कागद उलगडूनसुद्धा पाहिला नाही.

मला ती जागा दाखवता आली नाही. आक्का भांडली असती, रडली असती, तर मी माझी बाजू मांडली असती, कर्ज, पेरणी, अडचणी सगळं. ती इतक्या सहज तयार झाली तिथे माझं सगळं बोलणं संपलं. कागद परत पिशवीत घातला.

आबांची ती पहिली आखाजी. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, दोघी बहिणी झोक्यावर बसल्या. रात्री मायला सगळं सांगितलं. ती एवढंच बोलली, "तो त्या पोरीस्ना बी बाप व्हता."

दुसऱ्या दिवसापासून पिशवीतला कागद बाहेर काढून दुसरे कागद भरायला लागलो. हेडमास्तरांनी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. आक्काचं माहेरचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, सगळं निळ्या शाईत स्वच्छ. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण: घरकाम. सातवी पास झाली होती ती. त्याच जूनमध्ये मी पहिलीत बसलो. ते पान मी बराच वेळ पाहत राहिलो.

शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सासरच्या गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, हे तिन्ही एकत्र लावले. या वेळी पोच मागून घेतली, आणि साहेब जागेवर नव्हते तेव्हा अर्ज आवक-जावकला दिला. मग मात्र गाडी हलली. सहा-क ला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, वारस चढले, मंडळ अधिकाऱ्यांची चौकशी झाली, फेरफार धरला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर. यात सांगण्यासारखं काही नाही.

ज्यांच्या बहिणींची नावं सासरी बदलली आहेत त्यांनी वडील असतानाच हे कागद करून ठेवावेत. आणि प्रतिज्ञापत्रात एकही वारस गाळू नका, कोणी कितीही सोपं पडेल म्हटलं तरी.

या निर्णयाची किंमत पडली. कर्ज उशिरा झालं, कपाशीचं बियाणं आणि पहिलं खत उधारीवर आणलं. सोसायटीनं चारही खातेदारांचं संमतीपत्र मागितलं, म्हणजे दर वर्षी दोघींना बोलवावं लागणार. बोलवीन. या वर्षी दोघी आल्या तेव्हा कपाशी चार पानांवर होती. ताईनं पटकन सही केली. आक्कानं चष्मा लावला, संमतीपत्र वरून खालपर्यंत वाचलं, मध्येच बोट ठेवून थांबली आणि विचारलं, "भाऊ, गट नंबर बराबर शे ना?"

मी सातबारा काढून तिच्यासमोर ठेवला.