मसाई मारातून घरी फोन: टूरवाला सांगत नाही ते सगळं

टूरवाला "सगळ्या कॅम्पमध्ये फ्री वायफाय आहे मॅडम" असं म्हणाला की त्याला तिथेच थांबवा आणि विचारा, कुठे आहे? तंबूत का जेवणाच्या हॉलमध्ये? किती वाजता चालू, किती वाजता बंद? आम्ही केनियातल्या मसाई मारा या अभयारण्याच्या सफारीला गेलो तेव्हा ब्रोशरमध्ये वायफायचं चित्र छापून दिलं होतं, खाली एक ओळ नाही. म्हणून हे लिहितेय. प्राणी कुठले दिसतात, कपडे कुठल्या रंगाचे न्यायचे यावर ढीगभर माहिती मिळते, ती परत लिहीत नाही. ईटीए (केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी) आणि यलो फीव्हरची लस तुम्ही करालच (लस निदान दहा दिवस आधी, नाहीतर परत आल्यावर क्वारंटाइनमध्ये टाकतात). हे फक्त माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या घरी सासूबाई आणि दहावीतली लेक दोघीच आहेत आणि दिवसातून एकदा तरी आवाज ऐकल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही.

तर वायफाय. कॅम्प झकास होता, तंबूत बाथरूम, गरम पाणी, पलंग घरच्यापेक्षा चांगला. पण वायफाय फक्त मेसच्या तंबूत, राउटर बारच्या मागे, आणि संध्याकाळी सगळ्या गाड्या साधारण एकाच वेळी परत येतात कारण साडेसहाच्या आत रिझर्व्हमधून बाहेर पडायचं असतं. मग आख्खा कॅम्प त्या एका राउटरवर तुटून पडतो, प्रत्येकाला सिंहाचा व्हिडिओ आत्ताच पाठवायचा असतो. व्हिडिओ कॉल लावला तर सासूबाईंचा अर्धा चेहरा गोठलेला आणि आवाज "हॅलो... हॅलो... गं..." एवढाच.

आमचा तंबू नदीकडच्या टोकाला. कॅम्पला कुंपण नाही. हिप्पो रात्री पाण्यातून बाहेर येऊन चरतात, त्यामुळे अंधार पडला की एकट्याने तंबूबाहेर पाय ठेवायचा नाही हा नियम, आणि तो नियम बरोबरच आहे. तंबूतून टॉर्च हलवायचा, मग अस्करी म्हणजे रखवालदार येतो, हातात टॉर्च आणि काठी, तो तुम्हाला मेसपर्यंत सोडतो, परत आणतो. म्हणजे लेकीचा "आजीची बीपीची गोळी कुठे ठेवलीये" हा एक मेसेज वाचायला टॉर्च हलवा, वाट बघा, त्याच्या मागून चालत जा, नेट चालत नाही हे बघा आणि परत त्याच्याच मागून या. मला त्या बिचाऱ्याची लाज वाटायला लागली. तो हसून "हकुना शिदा" म्हणायचा, पण माझी चिडचिड व्हायची ती व्हायचीच. आणि साडेदहाला जनरेटर बंद, की राउटरही बंद. २०२३ पासून केनियात स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाइटवरचं इंटरनेट, आलंय, बऱ्याच कॅम्पनी डिश बसवलीय, आमच्याही होती, पण जनरेटर झोपला की डिशही झोपते, हे कोण सांगणार!

त्यामुळे रात्रीचा कॉल विसरा. सरळ विसरा. त्यात वेळेचा घोळ वेगळाच. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तुम्ही ड्राइव्हवरून (गाडीतून प्राणी बघायची फेरी) येऊन, धूळ धुऊन, जेवून साडेआठला फोन हातात घेता तेव्हा घरी अकरा वाजलेले असतात, म्हातारं माणूस एकतर झोपलेलं असतं नाहीतर तुमच्या काळजीने जागं असतं, दोन्ही वाईट. पहाटे साडेपाचला म्हणजे आपल्याकडे आठला जमू शकतं, पण तेव्हा तुम्ही अंधारात बूट शोधत असता आणि गाडी उभी असते. सगळ्यात भारी वेळ म्हणजे दुपारी जेवणानंतर, दीड ते तीन. सगळे लोळत असतात, राउटर रिकामा, आणि घरी चार ते साडेपाच, चहाची वेळ. आम्हाला हे शेवटी शेवटी कळलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा आणि घरी निघायच्या आधीच सांगून ठेवा की चहाच्या वेळेला फोन येईल आणि एखाद्या दिवशी नाही आला तर नेटवर्क नाही असं समजायचं, वाघाने खाल्लं असं नाही (तिथे वाघ नसतात हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही).

फुल डे ड्राइव्ह असेल, डबा घेऊन, तेव्हा मात्र दुपार पण हुकते. त्या दिवसासाठी आणि एकूणच कॅम्पच्या वायफायवर अवलंबून राहू नका, लोकल सिम घ्या. सफारीकॉम या तिथल्या कंपनीचंच. मारात त्याचीच रेंज सगळ्यात बरी, सेकेनानी गेट, तालेक गाव, कीकोरोकच्या बाजूला नीट चालतं, उंचवट्यावर गाडी आली की पटापट मेसेज पडतात, नदीकाठच्या खोलगटात जातं. काही जण म्हणाले आमच्याकडे एअरटेल आहे आणि केनियात पण एअरटेल आहे, मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम हा की मालक एकच घराणं असलं तरी तुमचं इथलं सिम तिथे रोमिंगवरच चालणार, लोकल म्हणून नाही.

सिम घेताना लूट होते, इथे नीट वाचा. नैरोबी विमानतळावर बाहेर पडताना एक स्टॉलवाला "टुरिस्ट पॅकेज, टुरिस्ट पॅकेज" करत होता, ३,००० शिलिंग, डेटा, कॉल, महिनाभर व्हॅलिड. शिलिंग म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर पैसे धरा, म्हणजे दोन हजार रुपये गेले. महिनाभर कोण राहतंय तिथे! आमच्या ग्रुपात चौघांनी घेतलं कारण ड्रायव्हर बाहेर थांबला होता आणि सगळे झोपेत होते, आणि त्या माणसाला हे बरोबर माहीत असतं. नवऱ्याने वाद घातला, तो म्हणे "फिक्स प्राइस". आम्ही नाही घेतलं. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मॉलमध्ये कंपनीच्या स्वतःच्या दुकानात गेलो, पासपोर्ट दाखवला (ओरिजिनल लागतो, झेरॉक्स चालली नाही), रजिस्ट्रेशन झालं, आणि आम्हाला लागेल तेवढा डेटा टाकून हजार शिलिंगच्या आत सुटलो. नैरोबीत एक रात्र मुक्काम असेल तर विमानतळावर काहीच घेऊ नका. थेट मारा गाठायचं असेल तर निदान कंपनीच्या काउंटरवर जा, अधल्यामधल्याकडे नाही.

डेटा संपला तर *५४४# डायल केलं की पॅकची यादी येते. स्वस्त पॅक दिसले की लगेच दाबू नका, काही एका तासाचे असतात, काही २४ तासांचे. आणि सिममध्ये पैसे टाकायला कार्ड, ॲप असल्या भानगडीत न पडता ड्रायव्हरला रोख द्या, तो त्याच्या एम-पेसातून (तिथली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) तुमच्या नंबरवर पाठवतो, अर्ध्या मिनिटाचं काम. तिथे २००७ पासून एम-पेसा आहे, आपण यूपीआयच्या गप्पा मारतो पण तिथला भाजीवाला तेव्हापासून फोनवर पैसे घेतोय.

आता गंमत. नवीन सिम टाकलं, एअरटाइम होता, सासूबाईंना साधा फोन लावला. कट. परत लावला. कट. नंतर लेकीने मेसेज केला, "आई, आजी म्हणतेय कुठून तरी +२५४ वरून फ्रॉडवाल्यांचे फोन येतायत, तिने ब्लॉक केलाय." घ्या! त्यामुळे सिम घेतल्या घेतल्या आधी व्हॉट्सॲपवरून तो नंबर घरी पाठवा, नावाने सेव्ह करायला लावा, मगच फोन करा. आणि नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणायचं, जुनाच चालू ठेवायचा.

इथलं सिम काढून पाकिटात टाकू नका, दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू दे, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. पण त्यासाठी इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून जावं लागतं, तिकडे जाऊन करायला गेलं की त्यालाच ओटीपी लागतो. फक्त त्या सिमचा डेटा रोमिंग बंद. बंद म्हणजे बंद! आमच्यातल्या एका काकांचा रोमिंग पॅक होता, मस्त चाललं होतं, मग आम्ही मारा नदीवरच्या पुरुंगाट पुलापाशी गेलो, तिथून टांझानियाची हद्द अगदी जवळ. फोनने गुपचूप पलीकडचा टॉवर पकडला, "वेलकम टू टांझानिया" असा मेसेज आला, काका म्हणाले वा काय मस्त आणि त्याचा स्क्रीनशॉट पण काढला. पॅक फक्त केनियाचा. बिल आलं तेव्हा काका ग्रुपवर दोन दिवस बोलले नाहीत. अंबोसेली या केनियातल्याच दुसऱ्या पार्कला जाणार असाल तर तिथेही हेच, किलिमांजारो दिसतो तो टांझानियातलाच, सीमा लागूनच आहे. सेटिंगमध्ये नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हाताने सफारीकॉम निवडा.

क्रॉसिंग, म्हणजे वाइल्डबीस्ट या रानगुरांसारख्या हरणांचे कळप नदी ओलांडतात ते, दिसलं आम्हाला! वाइल्डबीस्ट काठावर तासभर उभे, पुढे मागे, पुढे मागे, आणि एकदम एकाने उडी टाकली. लेकीला लाइव्ह दाखवायचं ठरलं होतं, एक काडी रेंज, फिरतंय फिरतंय. ड्रायव्हर म्हणाला मॅडम फोन ठेवा. ठेवला. रेकॉर्ड करून दुपारी पाठवा, तेही छोटं छोटं कापून, आणि त्या दिवशी घरचा फोन नाही झाला तरी काही बिघडत नाही, खरंच सांगते.

टूरमधली पुढची ठिकाणं, नैवाशा, नाकुरू: नेट फुल, हॉटेलच्या खोलीत वायफाय, लिहिण्यासारखं काही नाही. एकच, नाकुरूत गेंडे दिसतात, त्यांचे फोटो पाठवताना, टाकताना लोकेशन बंद ठेवा. शिकारी असल्या फोटोंवरून जागा काढतात, आमच्या ड्रायव्हरने पार्कात शिरायच्या आधीच सगळ्यांना बजावलं.

चार्जिंग. सॉकेट दुबईसारखा, तीन चौकोनी पिनांचा, आपला गोल पिनेचा चार्जर बसत नाही. वरच्या भोकात पेन खुपसून बसवणारे महाभाग आमच्याकडे होते, रिसेप्शनवरच्या मुलीने ओरडून थांबवलं. ॲडॉप्टर इथूनच न्या, दोन न्या, एक सोबतच्याने नेला की परत मिळत नाही. गाडीत सॉकेट आहे का हे बुकिंगच्या वेळी विचारा, आमच्या लँड क्रूझरमध्ये होता म्हणून निभावलं. पॉवरबँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये टाकली तर काढायला लावतात.

आणि फ्रिजवर एक कागद चिकटवून जा, मोबाइलमध्ये सेव्ह केलेलं ऐनवेळी कोणाला सापडत नाही. कॅम्पचं नाव आणि लँडलाइन, ड्रायव्हरचा नंबर, नैरोबीतल्या ऑफिसचा नंबर, भारतीय हायकमिशनचा नंबर, इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर. आम्ही ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं टुरिस्ट कव्हर पण घेतलं होतं, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून त्यांची विमानं पेशंटला आणायला जातात, १९५७ पासूनची संस्था आहे. तुमच्या टूरमध्ये ते धरलंय का विचारा, नसेल तर स्वतः घ्या आणि तोही नंबर त्याच कागदावर लिहा. अक्षर मोठं काढा, घरच्यांना चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे.