तुम्ही विचारलंत म्हणून : बाससाठी फ्लाय रॉड कोणता घ्यावा?

“मुलगा टेक्सासला आहे, आम्ही तीन महिने त्याच्याकडे राहायला चाललो आहोत, तिथल्या तळ्यांत बास मासा पुष्कळ आहे म्हणतात; तर फ्लाय रॉड कोणता घ्यावा?” हा प्रश्न सोलापुरात मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांनी बहुधा लहानपणी हिप्परग्याच्या तलावावर किंवा भीमेच्या काठी गळ टाकलेला असतो, त्यामुळे पाण्याची ओढ त्यांना नवी नसते. नवे असते ते हे साधन. माझे उत्तर एका ओळीत देता येते: ९ फुटी, चार तुकड्यांचा, ८ नंबरचा रॉड घ्यावा. मात्र हा ८ नंबर कशाचा, हे समजल्याशिवाय ते उत्तर उपयोगाचे नाही.

साध्या गळाच्या काठीने आपण आमिष फेकतो आणि आमिषाच्या वजनामागे दोरी ओढली जाते. फ्लाय रॉडचे काम याच्या नेमके उलट चालते. पिसे, केस आणि दोरा गळावर गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला स्वतःचे असे वजन जवळजवळ नसते. वजन असते ते जाड, लेप दिलेल्या दोरीला, म्हणजे लाइनला. आपण फेकतो ती लाइन, आणि माशी तिच्या शेपटाला धरून जाते. रॉडवर छापलेला नंबर म्हणजे त्याला पेलणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर होय. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचे वजन करून तो ठरवतात: ५ नंबरच्या लाइनचा हा भाग सुमारे ९ ग्रॅम भरतो आणि ८ नंबरच्या लाइनचा सुमारे साडेतेरा ग्रॅम. माझे सारे आयुष्य सुताच्या व्यापारात गेले, म्हणून मला हा हिशेब प्रथम उलटा वाटला होता. आपल्याकडे ४० नंबरचे सूत २० नंबरपेक्षा बारीक असते. लाइनचा नंबर मात्र वाढेल तशी ती जड होत जाते. गंमत अशी की त्याच लाइनच्या टोकाला बांधायच्या पारदर्शक धाग्याचे माप पुन्हा आपल्या सुतासारखे आहे: ० एक्स जाड आणि ५ एक्स त्याहून पुष्कळ बारीक. बाससाठी ० ते २ एक्सचा घ्यावा, त्याहून बारीक घेऊ नये.

माझा पहिला रॉड ५ नंबरचा होता. दुकानदाराने विचारले होते, “मासा किती मोठा?” मी म्हणालो, “एक-दोन किलो,” आणि त्याने त्या हिशेबाने रॉड दिला. तो रॉड घेऊन मी ऑस्टिनमधल्या लेडी बर्ड तळ्याच्या काठी गेलो, त्याला पॉपर बांधला, आणि सकाळभर एकही फेक धड पडली नाही. पॉपर म्हणजे बुचाचे किंवा फोमचे, तोंडाशी खोलगट असे बेडकाएवढे आमिष. हवेत ते छत्रीसारखे अडते. ९ ग्रॅमच्या लाइनला ते उलटवता येत नव्हते, आणि वाऱ्याची एक झुळूक आली तेव्हा गळ माझ्या कानामागे रुतला. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की रॉड माशाच्या आकारावरून निवडू नये, बांधायच्या माशीवरून निवडावा. दोन किलोचा बास ५ नंबरच्या रॉडने धरता येतो, पण बासला आवडणारे ते मोठे आमिष त्या रॉडने त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. छोट्या माश्याच वापरायच्या असतील तर ६ नंबर पुरतो. पॉपर वापरायचे असतील, आणि ते वापरावेत असेच मी म्हणेन, तर ८. शिवाय बास पाणवनस्पतींत आणि बुडालेल्या फांद्यांत दबा धरून असतो, आणि गळ लागताच तिथेच परत घुसतो. त्याला तिथून खेचून काढण्याचे बळही या रॉडमध्ये असते.

रीलवर फार पैसे घालू नयेत, कारण बासच्या बाबतीत ते बहुतांशी लाइन गुंडाळून ठेवण्याचेच काम करते. वाचलेले पैसे लाइनवर खर्च करावेत. पुढच्या भागात वजन साठवलेली, वेट-फॉरवर्ड जातीची, त्यातही बाससाठी म्हणून विकली जाणारी लाइन घ्यावी. तिचे तोंड आखूड आणि जाड असल्यामुळे जड माशी सहज उलटते. चार तुकड्यांचा रॉड सुटकेसमध्ये बसतो, ही प्रवाशाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

फेक शिकायला मात्र टेक्सासला पोहोचण्याची वाट पाहू नये. पहाटे होम मैदानावर माणसे फिरायला येण्यापूर्वी मोकळी जागा मिळते. लाइनच्या टोकाला गळाऐवजी सुताचा गोंडा बांधून तिथे पंधरा दिवस सराव करावा. खडीमातीने लाइनचा लेप खरवडतो, म्हणून सरावाला जुनी लाइन घ्यावी. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक मागच्या फेकीत होते. लाइन मागे गेल्यावर ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे लागते, कारण सरळ झालेली लाइनच रॉडला वाकवते आणि त्या वाकण्यातच पुढच्या फेकीचे बळ असते. घाई केली तर चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते. मान वळवून मागे पाहण्यात कमीपणा नाही. मी आजही पाहतो. मागे झाडे असतील तर लाइन पाण्यावरूनच गुंडाळत पुढे टाकायची रोल कास्ट शिकून घ्यावी.

पॉपर पाण्यावर पडला की लगेच हलवू नये. त्याची वर्तुळे विरेपर्यंत थांबावे, मग लाइनला एक छोटा हिसका द्यावा, आणि पुन्हा थांबावे. बास बहुधा या थांबण्यातच तोंड घालतो. त्या क्षणी रॉड वर उचलण्याचा मोह आवरावा. रॉडचे टोक पाण्याजवळ, लाइनच्या दिशेने ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात मागे ओढली तरच गळ जाड जबड्यात बसतो. रॉड उचलला तर तो लवतो आणि माशी तोंडातून निसटते. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि परवाना आधी काढावा. टेक्सासमध्ये पाहुण्यालाही तो लागतो.

एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण ती जिवाशी निगडित आहे. हे रॉड कार्बनचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवावा. आपल्याकडे उजनीच्या काठाने उपसा पंपांच्या तारा जिथेतिथे गेलेल्या आहेत. तिथे ९ फुटांची काठी उभी करण्यापूर्वी डोक्यावर पाहावे.

परत आल्यावर या रॉडचे काय करायचे, असेही मला विचारतात. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा, तो हिप्परग्यात नाही. पण मरळ आहे, आणि ती त्याच पॉपरवर, त्याच थांबण्यात, बासपेक्षाही रागाने येते. तिचे दात तीक्ष्ण असतात, म्हणून टोकाचा धागा आणखी जाड लावावा. तलावाचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस घोळका पाण्यावर दिसला तर त्याच्याखाली मरळीची जोडी राखण करीत असते. तिथे माशी टाकू नये, लाइन गुंडाळून दुसरा काठ गाठावा.