दुधाळ सीरम आणि काकांच्या कॅप्सूल

उपाशी पोटी या म्हणून सांगितलं तरी पुरीभाजी हाणून तपासणीला ब्लड द्यायला येणारे बेळगावात रोज भेटतात. विचारलं तर ‘काय नाही ओ, नुसता चहा.’ ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून काढली की वर पिवळसर स्वच्छ सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दिसायला पाहिजे, ते दुधासारखं पांढरट निघतं, मग कळतं चहा कसला होता ते. ते पांढरं म्हणजे कायलोमायक्रॉन, जेवणातली चरबी वाहून नेणारे बारीक कण, आत ट्रायग्लिसराइड म्हणजे साधी चरबी आणि बाहेरून फॉस्फोलिपिड म्हणजे फॉस्फरसवाल्या चरबीचं पातळ आवरण.

आता हे आवरण येतं कुठनं? शहापूरच्या काकांना कुणीतरी लेसिथिनच्या कॅप्सूल गळ्यात मारल्यात, म्हणे सरळ रक्तात जाऊन कोलेस्टेरॉल धुतंय. सरळ बिरळ काही जात नाही की ओ काका! लेसिथिन म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिडच, अंड्याच्या बलकात असतं, सोयाबीनमध्ये असतं, बिस्किटाच्या पुड्यावर इमल्सिफायर ३२२ लिहिलेलं असतं ते पण हेच. लहान आतड्यात स्वादुपिंडाचं फॉस्फोलिपेज ए२ त्याचं एक फॅटी ॲसिड तोडतं, तुकडे पेशीत शिरतात, आणि पेशी त्यातल्या बऱ्याच तुकड्यांना परत फॅटी ॲसिड जोडून नवं फॉस्फोलिपिड बनवते, पण जोडलेलं फॅटी ॲसिड पहिलंच असेल असं काही नाही. तिथनं कायलोमायक्रॉनवर चढून लिम्फमधून, म्हणजे लसीकेच्या नळ्यांतून, डाव्या खांद्याजवळच्या शिरेत, म्हणजे लिव्हरला बगल देऊनच रक्तात.

आणि खरी गंमत पुढं आहे. जेवणातून दिवसाला साधारण २ ते ८ ग्रॅम फॉस्फोलिपिड येतं, पण आपल्याच पित्तातून आतड्यात १० ते २० ग्रॅम उतरतं. त्यात काकांच्या कॅप्सूलची काय मिजास!

शोषण मात्र झकास होतं हां, १९८२ साली किरणोत्सारी खूण केलेलं लेसिथिन माणसांना देऊन बघितलं तर ९० टक्क्यांच्या वर शोषलं गेलं आणि ती खूण एचडीएलमध्ये, म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात त्या कणांत, ठळक दिसली. कारण कायलोमायक्रॉनमधली चरबी स्नायू आणि चरबीच्या पेशी काढून घेतात, तो आकसतो, मग जादा झालेलं आवरण एचडीएलकडं सरकतं. तिथं एलकॅट नावाचं एन्झाइम त्यातलंच फॅटी ॲसिड काढून कोलेस्टेरॉलला चिकटवतं. ‘कोलेस्टेरॉल धुतंय’ ही जाहिरात इथनंच उचललेली असणार, पण हे काम कॅप्सूल न घेणाऱ्याच्या रक्तात पण चालूच असतंय.

काका म्हणाले पैसे दिलेत, डबा संपवणार. संपवा. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, तेवढी बंद करू देऊ नका म्हणून काकूंना सांगून आलोय.