पुराच्या खुणेच्या वर ठेवलेला सर्व्हर

२००५ च्या महापुराचे पाणी आमच्या सनदी लेखापालाच्या (सीए) कार्यालयात जिथपर्यंत चढले होते, तिथे बाबांनी भिंतीवर तेलरंगाने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. सांगलीच्या गावभागात अशी रेघ पुष्कळ घरांत आणि दुकानांत सापडते आणि नदीकाठची माणसे तिच्यावर भरवसा ठेवूनच विजेचे मीटर, कपाटे आणि देवघर बसवतात. आम्हीही तेच केले होते. दोनशेहून अधिक क्लायंटचे हिशेब ज्यात होते तो सर्व्हर आम्ही त्या रेघेच्या वर एक फूट, भिंतीत लोखंडी अँगल ठोकून केलेल्या फळीवर ठेवला होता, आणि रोजच्या बॅकअपची हार्ड डिस्क त्याच्याही वरच्या कप्प्यात असे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी रेघ ओलांडून फळीवर आले आणि वरचा कप्पाही बुडाला.

पाणी उतरल्यावर शटर वर करायलाच चौघे जण लागले, कारण आतून गाळ दाटून बसला होता. सर्व्हरचे झाकण उघडले तेव्हा आत गंधासारखा बारीक, गुळगुळीत गाळ प्रत्येक खाचेत भरलेला दिसला. आम्ही तो पुसला, यंत्र दोन दिवस उन्हात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी, वाळले आहे असे समजून, मीच बटण दाबले. ती माझी चूक होती. आत ओल किंवा गाळ असलेली डिस्क फिरवू नये, ती आहे तशी जाणकाराकडे द्यावी, हे मला नंतर समजले. पुण्याला पाठवलेल्या डिस्कमधून फोल्डरांची नावे परत आली, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कंपनीला मिळणारे ते पाच आकडी क्रमांक ओळीने दिसू लागले, पण आतल्या फायली उघडेनात. बॅकअपची हार्ड डिस्क तर आवाजही करत नव्हती. सांगलीतल्याच विश्रामबागेतल्या आमच्या घरी एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यातली प्रत डिसेंबर २०१८ ची होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड पेठेतले एक दुकानदार माझ्याकडे आले. बाबांचे ते तीस वर्षांचे क्लायंट असल्यामुळे मी शाळेत होते तेव्हापासून ते मला ताईच म्हणतात. त्यांच्या दुकानात छतापर्यंत पाणी होते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने भिजलेल्या मालाचे फोटो काढून नेले होते, पण पुराच्या दिवशी दुकानात एकूण किती रुपयांचा माल होता हे त्याला कागदावर हवे होते, आणि त्यासाठी त्याने स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिले आणि चालू वर्षाची खतावणी मागितली होती. रजिस्टर आणि बिले दुकानात बुडाली होती. खतावणी आमच्याकडे होती आणि तीही बुडाली होती. "ताई, माझं गेलं ते गेलं, पण तुमच्याकडे असेल म्हणून मी निर्धास्त होतो," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचाच अधिक त्रास झाला.

त्या दिवशी सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत मी, एक आर्टिकल (सीए होण्यासाठी आमच्याकडे उमेदवारी करणारी) मुलगी आणि ते स्वतः, असे तिघे विश्रामबागेतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून होतो. रजिस्टर नसेल तर माल काढण्याची एक जुनी रीत आहे: वर्षाच्या सुरुवातीचा माल, अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची मूळ किंमत. रीत सोपी आहे, पण तिच्यात घालायचे आकडे आणायचे कुठून हा प्रश्न होता. ३१ मार्चच्या मालाचा आकडा बँकेच्या ई-मेलमध्ये सापडला, कारण कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, त्यांनी बँकेला मार्चअखेरचे स्टॉक स्टेटमेंट पाठवले होते आणि त्याची प्रत आमच्या पाठवलेल्या पत्रांत होती. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २ए या तक्त्यात दिसली, कारण सुरत आणि भिवंडीच्या व्यापाऱ्यांनी आपापली विवरणपत्रे भरताना यांच्या नावाची बिले क्रमांक आणि तारखेसह टाकली होती. ज्यांची विवरणपत्रे तिमाही होती त्यांची जुलैची बिले तिथे नव्हती, म्हणून त्यांना एकेक फोन करून व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. एप्रिल ते जूनच्या विक्रीची बेरीज भरलेल्या विवरणपत्रांतून मिळाली. जुलै आणि ऑगस्टच्या पहिल्या चार दिवसांच्या विक्रीसाठी मात्र हाताने लिहिलेली बिलबुकेच हवी होती. ती त्यांनी घरी दोरीवर चिमटे लावून पान पान वाळवली होती. कार्बनची निळी अक्षरे पसरली होती, तरी बहुतेक रकमा लागत होत्या. नफ्याचे प्रमाण आम्ही मागच्या तीन वर्षांच्या भरलेल्या आयकर विवरणपत्रांवरून १५ टक्के धरले.

सुरुवातीचा माल १८ लाख ४० हजार, खरेदी ११ लाख ६० हजार, विक्री १४ लाख, तिची मूळ किंमत ११ लाख ९० हजार, म्हणून शिल्लक माल १८ लाख १० हजार. हा शेवटचा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्याला आधार म्हणून जोडलेल्या कागदांची चळत वीतभर उंच झाली होती. सर्व्हेअरने काही शंका विचारल्या, पण मांडणी स्वीकारली.

त्या रात्री दुकानदार गेल्यावर मी टेबलावरचे कागद आवरत असताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला फार लागली. वाळवलेली बिलबुके सोडली तर आज जे जे हाती आले होते ते सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर होते: सरकारच्या पोर्टलवर, बँकेकडे, ई-मेलच्या पेटीत. आम्ही जे स्वतःच्या भिंतीत, स्वतःच्या कुलपात, सर्वांत काळजीने जपले होते, तेच तेवढे गेले होते. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा दुसऱ्याचा दूरचा सर्व्हर, हे काहीतरी नवे आणि धाडसाचे असे आम्ही समजत होतो, पण आमचे निम्मे दप्तर कळत-नकळत तिथे आधीच गेलेले होते. फक्त त्याची व्यवस्था आम्ही लावलेली नव्हती.

बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "दप्तर म्हणजे लोकांची अब्रू असते. ती दुसऱ्याच्या घरात ठेवायची, आणि ते घर कुठे आहे हेही आपल्याला माहीत नाही?" हा प्रश्न जुन्या माणसाची भीती म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता. क्लायंटच्या संमतीवाचून त्याची माहिती बाहेर जाऊ देणे हे १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि माहिती भाड्याच्या सर्व्हरवरून फुटली तरी जबाबदारी सर्व्हरवाल्यावर ढकलून आपण मोकळे होत नाही. घर कुठे आहे याचे उत्तर मात्र मिळण्यासारखे होते. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरे पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे २०१५ मध्ये सुरू झाली आहेत, ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ पासून आहे, आणि कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावा असा नियम २०१४ पासून आहेच. (तो ठराविक काळाने घ्यावा असे तेव्हा म्हटले होते, ऑगस्ट २०२२ पासून तो रोज घ्यावा लागतो.) म्हणून आम्ही ज्यांच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतला त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घेतल्या: यंत्र भारतात कोणत्या शहरात आहे, त्यांच्याकडचे कोण आमचा डेटा उघडू शकते, आणि आम्ही सोडून गेलो तर डेटा किती दिवसांत व कोणत्या स्वरूपात परत मिळेल. बाबांनी प्रत्येक क्लायंटला पत्र लिहून संमती घेतली. नऊ जणांनी नकार दिला आणि त्यांचे हिशेब आम्ही पहिल्या मजल्यावरच्या वेगळ्या संगणकावर ठेवले.

खर्चाबद्दल सांगायचे तर पाच वर्षांची बेरीज मांडली की भाडे विकत घेतलेल्या सर्व्हरपेक्षा जास्तच होते, आणि ज्यांना केवळ पैसे वाचवायचे आहेत त्यांनी या वाटेने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. टॅली तीच राहिली, फक्त ती आता दूरच्या यंत्रावर लॉगिन करून उघडायची. इंटरनेट गेले की सगळे कार्यालय हात जोडून बसते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्याव्या लागल्या. डिजिटल सहीचे डोंगल (संगणकाला जोडायचे पेन ड्राइव्हसारखे साधन) दूरच्या यंत्राला ओळखता येईना, त्यामुळे विवरणपत्रांवर सह्या करण्याचे काम इथल्याच संगणकावर राहिले. आर्टिकलशिप संपवून गेलेल्या एका मुलाच्या मोबाइलवर आमच्या मुख्य लॉगिनचे ओटीपी पुढे पंधरा दिवस जात होते, हे त्यानेच प्रामाणिकपणे कळवले म्हणून समजले. तेव्हापासून जो सोडून जातो त्याचे लॉगिन त्याच संध्याकाळी, निरोपाच्या चहाच्या आधी, बंद होते.

पण या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त शिकवले ते फेब्रुवारी २०२० मधल्या एका शनिवारने. रोज रात्री बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येत होता आणि तीन महिने तो वाचून आम्ही समाधानी होतो. त्या शनिवारी बाबा म्हणाले, "संदेश राहू दे, मला एक दप्तर परत उभं करून दाखव." त्यांनी यादीवर डोळे मिटून बोट ठेवले. ते एका औषध दुकानाच्या नावावर पडले. आम्ही बॅकअप उघडला आणि त्यात ते दुकान नव्हते. एका आर्टिकलने घाईत काही कंपन्यांचा डेटा ठरलेल्या फोल्डरऐवजी डेस्कटॉपवर ठेवला होता, आणि बॅकअप फक्त ठरलेल्या फोल्डरचा होत होता. असे एकूण अकरा क्लायंट निघाले. त्या क्षणी सर्व्हर बिघडला असता तर त्या अकरा जणांना मी पुन्हा तेच सांगितले असते जे कापड पेठेतल्या काकांना सांगावे लागले होते. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही चिठ्ठी टाकून तीन क्लायंट निवडतो, त्यांचा डेटा बॅकअपमधून वेगळ्या जागी उभा करतो आणि चालू ट्रायल बॅलन्सशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांच्या यादीशी, पैशापर्यंत जुळवतो. जुळला की बाबा रजिस्टरवर सही करतात. ते रजिस्टर कागदाचे आहे आणि विश्रामबागेत असते.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. २२ तारीख ही जीएसटीचे तिमाही ३बी विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख होती, आणि ज्यांची विवरणपत्रे राहिली होती ती आम्ही लोकांच्या घरांतून, जिथे वीज आणि नेटवर्क शिल्लक होते तिथून भरली. गावभागातल्या आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्याच्यापुरता क्लाउड असून नसल्यासारखाच होता, त्यामुळे त्याचे क्लायंट दुसऱ्या दोघांनी वाटून घेतले. कार्यालयातून आम्ही यावेळी फक्त खुर्च्या, संगणक आणि त्या नऊ जणांचे यंत्र हलवले.

त्याच रात्री नऊच्या सुमारास कापड पेठेतल्या काकांचा फोन आला. २०१९ नंतर त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून रोजची बिले टाकायला सुरुवात केली होती आणि मालाची नोंद आता प्रकारवार राहत होती. पाणी पेठेत शिरायला काही तास होते, हाताशी दोनच पोरे होती आणि वरच्या माळ्यावर सगळा माल मावणार नव्हता.

"ताई, आधी काय वर न्यावं ते सांगा," ते म्हणाले.

मी लॉगिन केले, त्या संध्याकाळपर्यंतची स्टॉकची यादी किमतीच्या उतरत्या क्रमाने लावली आणि फोनवर एकेक ओळ वाचू लागले: पैठण्या कपाट क्रमांक दोन, रेशमी शालू, मग सूटिंगचे ठाण. पलीकडून ते प्रत्येक ओळ मोठ्याने पोरांना सांगत होते आणि जिन्यावरून चढणाऱ्या पावलांचा आवाज मला ऐकू येत होता. अकरा वाजून गेल्यावर आम्ही एकतिसाव्या ओळीवर आलो, तेव्हा ते म्हणाले, "बास, आता जागा संपली. खाली राहिलेल्याची बेरीज तेवढी सांगून ठेवा."