पाय, मासळी आणि ती काचेची टाकी : आमची वाटचाल

किनाऱ्यावर सुट्टीला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी हमखास दोन गोष्टी विचारतो. ताजी मासळी कुठे मिळेल, आणि पायांचं काही करणारं कोणी आहे का? वर्षभर बुटात कोंडलेले पाय एकदम वाळूत आणि खाऱ्या पाण्यात गेले की टाचा उलतात, जुनं कुरूप ठणकायला लागतं. आमचा धंदा दुसऱ्या प्रश्नावर चालतो, पण जागा मिळाली ती पहिल्यामुळे. मासळीवाल्या मावशीने पडवीतला अर्धा कोपरा दिला. भाडं काय, तर आठवड्यातून एकदा तिच्या टाचा.

सामान म्हणजे एक उंच खुर्ची, एक बुटकं स्टूल, नखं कापायचे दोन निप्पर, स्केलपेलची मूठ, पात्यांचं पाकीट आणि दुहेरी कानस. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारा डबा, मात्र कर्ज काढून घेतला. लोक म्हणाले, पाण्यात उकळ की! उकळून सगळे जंतू मरत नाहीत. १२१ अंशांची वाफ, १५ पौंड दाब, १५ मिनिटं, त्यानंतरच निप्पर पुढच्या पायाला लागतो. निप्पर मिटवून उजेडाकडे धरा. पात्यांमधून उजेड दिसला तर तो नख कापणार नाही, चिरडणार. आणि घट्टा कोरडाच घासायचा. भिजलेल्या कातडीत कुठे थांबायचं ते हाताला कळत नाही.

आमचे मास्तर पहिल्यांदा आले ते नुसती नखं कापायला. मधुमेह आहे म्हणाले, म्हणून पायाला स्पर्श कळतो का ते पाहायचा धागा, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, मी काढला. डोळे मिटायचे, धागा वाकेपर्यंत तळव्याला टेकवला की ‘हं’ म्हणायचं. अंगठ्याला टेकवला, मास्तर गप्प. चवड्याला टेकवला, गप्प.

“अहो, सुरू कधी करणार?” त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

टाचेत शिंपल्याची कपची रुतून बसली होती, भोवती लाल झालं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी हात लावला नाही, सरळ डॉक्टरांकडे पाठवलं. त्या दिवसाची कमाई गेली, पण मास्तर तेव्हापासून दर वर्षी येतात. ज्यांच्या पायांना कळत नाही त्यांनी वाळूत अनवाणी जाऊच नये. दुपारी ती ५० अंशांच्याही वर तापते, फोड दिसतो संध्याकाळी. पण ऐकतो कोण!

त्यानंतरची सात-आठ वर्षं बरी गेली.

मग समोर माशांचा स्पा निघाला. काढणारा कोण, तर दोन सीझन माझ्याच स्टुलावर बसून शिकलेला मुलगा. काचेची टाकी, निळा दिवा, आत गारा रुफा नावाचे बोटाएवढे मासे. पाय सोडा, मासे मेलेली कातडी खातात. पोरंटोरं खिदळायची, फोटो काढायची. त्याचंही मला काही नव्हतं. पण “तिकडे पात्याने रक्त काढतात” हे त्याने गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, ते मी विसरलेलो नाही. माझ्या हाताखाली त्याने एकदा तरी रक्त पाहिलं होतं का, एवढंच त्याने सांगावं.

तो सीझन पार बसला. उंच खुर्ची विकली, ऑटोक्लेव्हचे हप्ते थकले. मी भिंतीवर कागद लावला : टाकीतले मासे वाफेत घालता येत नाहीत, एकाचे पाय चावलेले तेच मासे पुढच्याला चावतात. २०११ साली इंडोनेशियाहून ब्रिटनला आलेल्या याच माशांच्या खेपेत स्ट्रेप्टोकोकस जिवाणू सापडला होता, तेही लिहिलं. एकाही माणसाने वाचलं नाही. मावशी मात्र कोळंबी निवडता निवडता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “त्या माशांना उपाशी ठेवतात, म्हणून चावतात. माझे मेलेत, पण भुकेले नाहीत.” लोक हसायचे, आणि हसता हसता तिच्याच पडवीत, माझ्याकडे बसायचे. पुढच्या सीझनला निळा दिवा लागला नाही.

मावशीकडून मी मासळी शिकलो. कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ. बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. खेकडा हातात जड लागला पाहिजे. बांगडा बर्फाबाहेर राहिला असेल तर घेऊच नका, त्यात तयार होणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही. आणि पायाला किंवा हाताला ताजी चीर असेल तर कोमट समुद्रात उतरू नका, कच्ची कोळंबीही सोलू नका. तिथे व्हिब्रियो नावाचा जिवाणू असतो, आणि मधुमेहाच्या किंवा यकृताच्या रुग्णाला तो फार महागात पडतो. म्हणून घट्टा काढलेल्या गिऱ्हाइकाला मी त्या दिवशी पाण्यात जाऊ देत नाही. काहीजण रागावतात.

उंच खुर्ची नवी घेतली, जुनीसारखी नाही. ती काचेची टाकी आता मावशीकडे आहे, त्यात ती जिवंत खेकडे ठेवते. डाव्या कोपऱ्यातून गळते. घेतानाच मी सांगितलं होतं.